टूसॉनमधला शनिवार-रविवार: उन्हाच्या वेळा पाहून कसा आखायचा

अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनमध्ये दोन दिवसांत काय पाहायचं याची यादी कुणीही देईल. इथे यादीपेक्षा क्रमाला जास्त महत्त्व आहे. मार्चमध्ये सकाळी दहाला जी पायवाट सुखाची वाटते, तीच जूनमध्ये त्याच वेळेला जिवावर बेतू शकते. शहर साधारण २,४०० फुटांवर, सोनोरन वाळवंटात आहे आणि चारही बाजूंना डोंगर आहेत: उत्तरेला सांता कॅटालिना, पूर्वेला रिंकॉन, दक्षिणेला सांता रिटा, पश्चिमेला टूसॉन माउंटन्स. म्हणून दिवसाची वाटणी अशी करायची: पहाट आणि सकाळ वाळवंटाला, दुपार जेवणाला आणि सावलीला, संध्याकाळ सूर्यास्ताला आणि शहरातल्या गर्दीला. ही वाटणी पाळली तर वर्षभरात कुठल्याही शनिवार-रविवारी इथे मजा येते, अगदी जूनमध्येही.

कधी जायचं

ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत चांगला. जानेवारीत दुपारी साधारण ६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे १८ सेल्सिअस असतं. सूर्य मावळला की मात्र हवा झपाट्यानं गार होते, म्हणून दुपारी टीशर्टवर फिरत असलात तरी गाडीत जाकीट हवंच. मे-जून कोरडा आणि कडक असतो. जूनमध्ये १०० फॅरनहाइटच्या वर जाणं रोजचंच आहे, आणि २६ जून १९९० रोजी इथे ११७ अंशांची नोंद झाली आहे. १५ जून ते ३० सप्टेंबर हा अधिकृत मान्सूनचा हंगाम. प्रत्यक्षात जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर ढग भरून येतात आणि तासाभरात धो धो कोसळून मोकळे होतात.

अ‍ॅरिझोनात घड्याळ मागे-पुढे करत नाहीत. त्यामुळे कॅलिफोर्नियाहून येणाऱ्यांना उन्हाळ्यात वेळ तीच मिळते आणि हिवाळ्यात टूसॉन एक तास पुढे असतं. पहाटेच्या बुकिंगला याच एका तासानं लोक चुकतात. जूनमध्ये सूर्य सव्वापाचला उगवतो आणि साडेसातच्या सुमारास मावळतो. डिसेंबरमध्ये हेच सातवीस आणि पाचवीस.

आता उत्सवांचं. जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत रत्नं आणि खनिजांची प्रदर्शनं शहरभर भरतात: हॉटेलांच्या खोल्यांमध्ये, तंबूंत, मोकळ्या पटांगणांत. त्यातलं मुख्य प्रदर्शन १९५५ पासूनचं असून ते फेब्रुवारीत कन्व्हेन्शन सेंटरमध्ये असतं. या काळात हॉटेलांचे दर चढतात आणि खोली मिळणंही मुश्किल होतं. दगड पाहायलाच यायचं असेल तर काही महिने आधी बुकिंग करा, नाहीतर हे आठवडे सरळ टाळा. एक गोष्ट लक्षात ठेवा, बरीच दालनं फक्त घाऊक व्यापाऱ्यांसाठी असतात. दारावरची पाटी वाचून आत शिरा.

फेब्रुवारीतच रोडिओ (काउबॉयांच्या कसरतींचे सामने) होतो, ला फिएस्टा दे लोस वाकेरोस, १९२५ पासून. त्याच्या मिरवणुकीत मोटर असलेलं एकही वाहन नसतं, फक्त घोडे, खेचरं आणि बग्ग्या. मार्चमध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या आवारात पुस्तकांचा मोठा मेळा भरतो, प्रवेश मोफत. ऑक्टोबरमध्ये 'टूसॉन मीट युअरसेल्फ' असतो. १९७४ मध्ये लोकसंस्कृतीचे अभ्यासक जिम ग्रिफिथ यांनी सुरू केलेला हा मेळा आहे. शहरात राहणाऱ्या वेगवेगळ्या समाजांचं जेवण, नाच आणि हस्तकला एकाच जागी मिळतात. खाण्यासाठी वर्षातला एकच शनिवार-रविवार निवडायचा असेल तर हाच निवडावा. तिथे शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी दुपारच्या जेवणाआधी पोचा, नंतर रांगा लांबतात.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका रविवारी संध्याकाळी ऑल सोल्स मिरवणूक निघते. १९९० मध्ये एका कलावतीनं वडिलांच्या स्मरणार्थ ती सुरू केली. आता एक लाखाहून जास्त माणसं आपल्या गेलेल्यांचे फोटो घेऊन चालतात. नावं लिहिलेल्या चिठ्ठ्या एका मोठ्या कलशात टाकतात आणि शेवटी तो कलश पेटवतात. सोबत एखाद्या माणसाचं नाव घेऊन आलात तर पाहुणा म्हणून बाजूला उभं राहावं लागत नाही, तुम्हीही चालू शकता. चेहरे रंगवलेले लोक दिसले तरी हा वेशभूषेचा कार्यक्रम नाही. रडणाऱ्या माणसासमोर कॅमेरा धरू नका. गाडी दूर लावा आणि स्ट्रीटकारनं, म्हणजे ट्रामनं या. त्याच महिन्यात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी एल टूर दे टूसॉन ही सायकलींची मोठी स्पर्धा होते. त्या सकाळी शहरातले कितीतरी रस्ते बंद असतात, तेव्हा मोटारीनं फिरायचा बेत दुपारनंतरचा ठेवा.

शुक्रवारी रात्रीच करून ठेवायची कामं

पाणी आधी. चालायला जाणार असाल तर उन्हाच्या दिवसांत माणशी तासाला एक लिटर धरा, आणि गाडीत माणशी एक गॅलन वेगळं ठेवा. हे गाडीतलं पाणी गाडी बिघडली तर कामाला येतं, ते पायवाटेसाठी मोजायचं नाही. नुसतं पाणी पीत राहणंही बरोबर नाही. घामातून मीठ जातं आणि साधं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं. मग डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणसाला वाटतं की पाणी कमी पडलं म्हणून तो आणखी पितो. खारे शेंगदाणे, वेफर्स किंवा इलेक्ट्रोलाइटची पुडी सोबत ठेवा आणि थोड्या थोड्या वेळानं काहीतरी खारट खा. परत फिरण्याचा नियम सोपा आहे: नेलेल्या पाण्यातलं निम्मं संपलं की पुढे जायचं नाही, पायवाट कितीही थोडी उरलेली असो.

दुसरं, पेट्रोल. डोंगरावर जाणार असाल तर टाकी शहरातच भरा. माउंट लेमनच्या रस्त्यावर पंप नाही.

तिसरं, पिशवीत एक जाड दातांचा कंगवा आणि एक चिमटा टाका. ते कशाला, ते खाली काट्यांच्या भागात येईल.

रुंद कडांची टोपी, लांब बाह्यांचा सैल सुती शर्ट आणि बंद बूट. उघड्या चपला वाळवंटात घालू नका. आणि नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, कारण दऱ्यांमध्ये सिग्नल जातो.

शनिवार: पश्चिमेची बाजू

सवारो हा इथला उंच, खांबासारखा निवडुंग. त्याच्या नावाचं सवारो नॅशनल पार्क दोन तुकड्यांत आहे, शहराच्या पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक. दोन्हींच्या मध्ये अख्खं शहर येतं, एकाकडून दुसऱ्याकडे जायला तासभर लागतो. एकाच सकाळी दोन्ही उरकायच्या नादात उन्हाआधीचा सगळा वेळ सिग्नलवर जातो. पहिल्यांदाच येत असाल तर पश्चिम निवडा. तिथे सवारो जास्त दाट आहेत, आणि डेझर्ट म्युझियम व गेट्स पास हे दोन्ही त्याच बाजूला आहेत. एका मोटारीला २५ डॉलरचा पास लागतो, तो सात दिवस आणि दोन्ही भागांना चालतो. ऑनलाइन आधीच काढून ठेवला तर सकाळची रांग वाचते.

उजाडताना आत शिरा. बाहाडा लूप हा साधारण सहा मैलांचा कच्चा रस्ता आहे. साधी मोटार सहज जाते, फक्त हळू चालवा आणि मागच्या गाडीच्या धुळीत राहू नका. वाटेत दोन ठिकाणी उतरायचंच. व्हॅली व्ह्यू ओव्हरलुकची पायवाट जाऊन-येऊन ०.८ मैल आहे, मुलांना आणि आजी-आजोबांनाही झेपते. सिग्नल हिल त्याहून छोटी, जाऊन-येऊन ०.३ मैल. तिथे होहोकाम या इथल्या प्राचीन मूळ रहिवाशांनी शेकडो वर्षांपूर्वी दगडांवर कोरलेली चक्रं आणि प्राणी दिसतात. सकाळच्या तिरप्या उन्हात ही चित्रं ठळक दिसतात, भर दुपारी पुसट होतात. दगडाला हात लावू नका.

सवारो बघताना मान वर करून फोटो काढण्याआधी खाली वाका. पालो वेर्दे नावाच्या हिरव्या खोडाच्या झाडाखाली नीट शोधलं तर अंगठ्याएवढा सवारो सापडतो. तो दहा वर्षांचाही असू शकतो, इतका हा निवडुंग हळू वाढतो. त्या झाडाच्या सावलीत उन्हापासून आणि हिवापासून बचाव झाला तरच तो जगतो. पहिला हात फुटायला साधारण ५० ते ७५ वर्षं लागतात, कोरड्या जागी त्याहून जास्त, आणि आयुष्य दीडशे-दोनशे वर्षांचं. म्हणजे चार-पाच हात फुटलेला सवारो हे शहर लहानसं गाव असल्यापासून उभा आहे. अंगावरच्या उभ्या चुण्या बघा: पाऊस झाला की त्या पसरतात आणि खोड फुगतं, कोरड्यात परत आवळतात. खोडातलं भोक सुतारपक्ष्यानं केलेलं असतं, पुढे त्यात छोटी घुबडंही राहतात. एप्रिलच्या अखेरीपासून जूनपर्यंत टोकावर पांढरी फुलं येतात. ती रात्री उमलून दुसऱ्या दुपारपर्यंत मिटतात, म्हणून तीही सकाळीच बघायची.

साडेआठ-नऊच्या सुमारास अ‍ॅरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियममध्ये जा. नाव म्युझियम असलं तरी ते बहुतांश उघड्यावरचं प्राणिसंग्रहालय आणि वनस्पतीउद्यान आहे, १९५२ मध्ये सुरू झालेलं, आत सुमारे दोन मैलांच्या वाटा. तीन तास धरा. क्रम असा ठेवा: आधी बाहेरचे प्राणी, कारण ऊन चढलं की ते आडोशाला जाऊन झोपतात. मग हमिंगबर्डची जाळी. सर्वांत शेवटी गुहा आणि सापांची दालनं, ती सावलीत आहेत. हिवाळ्याच्या हंगामात शिकारी पक्ष्यांचं मोकळं उड्डाण दाखवतात. हॅरिसचे ससाणे कळपानं शिकार करतात, ते डोक्यावरून इतक्या जवळून जातात की पंखांचा वारा लागतो. तेव्हा हात वर करायचा नाही आणि मुलांना खांद्यावर घ्यायचं नाही.

दुपारी शहरात जेवा, खोलीवर जाऊन पडा. हे पडणं आळस समजू नका. संध्याकाळ पुरी वापरायची असेल तर ते लागतंच. सूर्यास्ताच्या ४५ मिनिटं आधी गेट्स पासला पोचा. वाहनतळ लहान आहे, उशिरा आलेल्यांना वळणावर गाडी लावायचा मोह होतो आणि ते धोक्याचं आहे. सूर्य बुडाल्यावर लगेच निघू नका. खरे रंग पुढची वीस मिनिटं येतात आणि तोवर निम्मी गर्दी गेलेली असते.

रात्र फोर्थ अ‍ॅव्हेन्यू आणि डाउनटाउनला द्या. सन लिंक ही स्ट्रीटकार २०१४ पासून धावते. विद्यापीठ, फोर्थ अ‍ॅव्हेन्यू, डाउनटाउन आणि मेरकादो (बाजार) हे सगळं ३.९ मैलांच्या एका मार्गावर आहे. गाडी एकदाच कुठेतरी लावा आणि उरलेलं स्ट्रीटकारनं फिरा. सायकलवर असाल तर रूळ काटकोनात ओलांडा. तिरपे ओलांडले की पुढचं चाक खोबणीत अडकतं आणि माणूस तोंडावर पडतो. डाउनटाउनमधलं हॉटेल काँग्रेस १९१९ चं आहे. १९३४ मध्ये तिथे आग लागली आणि त्यातूनच बँका लुटणाऱ्या जॉन डिलिंजरची टोळी टूसॉनमध्ये पकडली गेली. आजही तिथे गाण्याचे कार्यक्रम होतात, समोर १९२० चं रियाल्टो थिएटर आहे. फोर्थ अ‍ॅव्हेन्यूवर वर्षातून दोनदा, वसंतात आणि डिसेंबरमध्ये, रस्ता बंद करून हस्तकलेची जत्रा भरते.

काय खायचं, आणि शाकाहारी माणसानं काय विचारायचं

युनेस्कोनं २०१५ मध्ये टूसॉनला खाद्यसंस्कृतीचं शहर ठरवलं, अमेरिकेतलं पहिलं. त्यामागे हॉटेलांची संख्या नव्हती. सांताक्रूझ नदीच्या काठी चार हजार वर्षांहून जास्त काळ शेती होत आली आहे, आणि तिथलं धान्य अजून ताटात येतं. हे डोळ्यांनी बघायचं तर सेंटिनेल पीकच्या पायथ्याच्या मिशन गार्डनमध्ये जा. वेगवेगळ्या काळातल्या लोकांच्या वाफ्यांत टेपरी घेवडा, मका, डाळिंब, अंजीर लावलेलं दिसतं. शनिवारी सकाळी उघडी असते, रविवारी बंद. रविवारवर ढकललेला हा बेत हमखास फसतो.

सोनोरन हॉटडॉग ही इथली ओळख. सॉसेजला बेकनची पट्टी पिळून गुंडाळतात, तव्यावर कडा कुरकुरीत होईपर्यंत फिरवतात. पाव टोकांना बंद आणि वरून चिरलेला असतो, खिशासारखा, म्हणून रस गळत नाही. वर पिंटो घेवडा, कांदा, टोमॅटो, मेयोनीज, मोहरी, हालापेन्योची चटणी. बाजूला भाजलेली पिवळी मिरची. साउथ ट्वेल्थ अ‍ॅव्हेन्यूवर एल ग्वेरो कानेलो आहे, ज्याला २०१८ मध्ये जेम्स बीअर्ड फाउंडेशन या अमेरिकी खाद्यसंस्थेचा 'अमेरिकाज क्लासिक्स' सन्मान मिळाला. त्याच रस्त्यावर अगदी जवळ बीके हे दुसरं दुकान आहे. दोघांकडे एकेक खाऊन बघा, पोट भरतं. डुकराचं आणि गाईचं मांस न खाणाऱ्यांसाठी हा पदार्थ नाही, नुसतं बेकन काढून भागत नाही.

आता शाकाहाराचं, कारण इथे मराठी माणसाची फसगत सर्वांत जास्त होते. मेन्यूवर 'घेवडा, चीज, भात' दिसला की आपण निश्चिंत होतो. पण रिफ्राइड बीन्स बऱ्याच ठिकाणी डुकराच्या चरबीत परततात, गव्हाच्या टॉर्टियातही (मेक्सिकन पोळीतही) तीच चरबी असू शकते, आणि लाल भात कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. म्हणून 'मांस नाही ना' असं विचारून उपयोग नाही. 'मान्तेका' आहे का, असं विचारा, म्हणजे चरबी. भाताबद्दल 'काल्दो दे पोयो' घातलंय का, ते विचारा. मक्याच्या टॉर्टियात सहसा चरबी नसते, तो सुरक्षित पर्याय. मागवायला: कालाबासितास, म्हणजे दुधी-भोपळ्याच्या जातीची कोवळी फळं, मका आणि चीजची भाजी, नोपालेस, म्हणजे निवडुंगाच्या पानांची, थोडी बुळबुळीत आणि आंबूस, भाजलेलं मक्याचं कणीस, एलोते. बरिटोला टूसॉनमध्ये 'बुरो' म्हणतात. चीज क्रिस्पही इथलीच गोष्ट: ताटाएवढा गव्हाचा टॉर्टिया उघडा ठेवून चीज घालून कुरकुरीत भाजतात, हिरव्या मिरचीसह मागवा. पण टॉर्टियाची चौकशी आधी.

सोनोरातल्या मोठ्या टॉर्टियाला सोबाकेरा म्हणतात. हातावर झेलत ओढत नेलेला, पलीकडचं दिसेल इतका पातळ. मांडे करताना पाहिले असतील तर हात कसा चालतो ते लगेच कळेल.

एल चार्रो कॅफे १९२२ चं. त्याच्या छपरावर पिंजऱ्यात मांस उन्हात वाळवून कार्ने सेका करतात. शनिवारी रात्री रांग असते, दुपारी तीनच्या सुमारास जा. बॅरिओ ब्रेडमध्ये डॉन गेरा व्हाइट सोनोरा या जुन्या गव्हाचा वापर करून आंबवलेला पाव बनवतात. २०२२ मध्ये त्यांना उत्कृष्ट बेकरचं जेम्स बीअर्ड पारितोषिक मिळालं. तिथे शनिवारी सकाळी जा, पाव संपला की संपला. मेरकादो सान अगुस्तीनमध्ये ला एस्त्रेया बेकरीचे गोड पाव मिळतात. दुपारच्या उन्हात रास्पादो खा: किसलेला बर्फ, ताजी फळं, आटवलेलं दूध, हवं तर आइस्क्रीम. आंब्याच्या रास्पादोवर चामोय नावाचं आंबट-तिखट सरबत ओतून देतात. पहिल्यांदा ते वेगळ्या वाटीत मागा, सगळ्यांना झेपत नाही.

टेबलावर वाढणाऱ्या हॉटेलात बिलाच्या १८ ते २० टक्के टीप द्यायची. हातगाड्यांसाठी सुट्ट्या नोटा ठेवा.

रविवार: तीनपैकी एक

पहिला पर्याय माउंट लेमन. डोंगराचा माथा ९,१०० फुटांच्या वर आहे आणि कॅटालिना हायवे साधारण २७ मैल चढत जातो. खाली सवारो, मग गवत आणि ओक, मग पाइन आणि फर. वर तापमान शहरापेक्षा २० ते ३० फॅरनहाइटनं कमी असतं, म्हणून जूनमध्ये सगळं शहर इकडेच धावतं. सकाळी सातच्या आत चढायला लागा. विंडी पॉइंटला थांबा, खडकांच्या कडेला कठडा सगळीकडे नाही, मुलांचा हात धरा. समरहेवन गावात जेवायला मिळतं, आणि ताटलीएवढ्या कुकीसाठी कुकी कॅबिनमध्ये रांग लावावी लागते. २००३ च्या आगीत हे गाव जवळजवळ पूर्ण जळलं होतं, २०२० मध्ये पुन्हा मोठी आग लागली. जळकी खोडं अजून उतारावर दिसतात. विस्तवाबद्दलच्या पाट्या अक्षरशः पाळा. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नका: ब्रेक तापतात, वास येतो आणि मग धरत नाहीत. खालच्या गिअरमध्ये उतरा. वर जाताना वाटेत दोन ठिकाणी थांबून पाणी प्या, एकदम सहा हजार फूट चढल्यावर डोकं दुखू शकतं. हिवाळ्यात बर्फ पडल्यावर रस्ता बंद करतात किंवा साखळ्यांची अट घालतात, निघण्याआधी रस्त्याची स्थिती बघा.

दुसरा पर्याय सबीनो कॅन्यन. आत खाजगी मोटारी नेता येत नाहीत, इलेक्ट्रिक शटल दरीत वरपर्यंत नेते आणि नऊ थांबे घेते. शहाणपणाची पद्धत अशी: शटलनं शेवटच्या थांब्यापर्यंत जा आणि साडेतीन-पावणेचार मैल उतारानं चालत या. दमलात तर वाटेतल्या कुठल्याही थांब्यावर परत चढता येतं. कुत्र्यांना बंदी आहे. सेव्हन फॉल्सला जायचं असेल तर बेअर कॅन्यनची वाट धरा, व्हिजिटर सेंटरपासून जाऊन-येऊन आठ मैलांच्या वर. धबधबे फेब्रुवारी ते एप्रिल बर्फ वितळल्यावर भरलेले असतात, मे-जूनमध्ये नुसते खडक उरतात. वाटेत ओढा पुन्हा पुन्हा ओलांडावा लागतो. जाताना घोट्याएवढं पाणी असलं आणि वर डोंगरात पाऊस झाला तर येताना तोच ओढा कमरेएवढा होतो. अडकलात तर काठावरच थांबा, पाणी सहसा काही तासांत उतरतं. ओढ्यात पाय टाकणाऱ्यांनाच सोडवायला जावं लागतं.

तिसरा पर्याय मला मुलं आणि आई-वडील सोबत असताना सर्वांत आवडतो. द लूप हा नद्यांच्या काठानं जाणारा, मोटारी नसलेला १३० मैलांहून लांब डांबरी मार्ग आहे. सायकली भाड्यानं घ्या, सकाळी रियीतो नदीच्या काठानं निघा आणि रियीतो पार्कला रविवारच्या शेतकरी बाजारात थांबा. मेस्कीट या वाळवंटी झाडाच्या शेंगांचं पीठ, टेपरी घेवडा, चिल्तेपीन ही वाटाण्याहून लहान रानमिरची, मध असं सगळं मिळतं. चिल्तेपीन एकच चुरडून घाला, झणका लगेच बसतो. नदी म्हणजे बहुतेक दिवस कोरडी वाळू, तिचं आश्चर्य वाटून घेऊ नका. उजवीकडून चालवा, पुढे जाताना आवाज द्या, आणि टायरमध्ये काट्यांना अडवणारा द्रव असल्याची खात्री करून सायकल घ्या. गोखरूसारखे काटे साध्या ट्यूबची हवा मैलाभरात घालवतात.

संध्याकाळी परतण्याआधी सान हाविएर देल बाक पाहा. फादर किनोंनी १६९२ मध्ये स्थापलेलं मिशन, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रचाराचं केंद्र; आजचं पांढरं चर्च १७८३ ते १७९७ मध्ये बांधलेलं. दोन मनोऱ्यांपैकी एक अपुराच राहिला. ही तोहोनो ओओधाम लोकांची जमीन आहे आणि चर्चमध्ये नियमित उपासना होते, म्हणून रविवारी प्रार्थनेच्या वेळा टाळून जा, ड्रोन उडवू नका आणि माणसांचे फोटो विचारून काढा. पटांगणात फ्राय ब्रेड तळून देतात. गरमच खा, गार झाली की चिवट होते.

उन्हाळ्यातला वेगळा बेत

मे ते सप्टेंबर चालायचं ते उजाडताना, आणि आठपर्यंत गाडीत परत. टुमामॉक हिल यासाठी बरी: दीड मैल चढ, सातशे फूट उंची, पक्का रस्ता, पहाटे चारला खुली. दुपार विमानांच्या पिमा संग्रहालयात घालवा, पण तेव्हा आतली दालनंच बघा, बाहेरची विमानं बघायची तर सकाळीच. रात्री कॅम्पबेल अ‍ॅव्हेन्यूच्या पुलापाशी जा: सूर्यास्तानंतर पुलाखालच्या फटींतून हजारो वटवाघळं धुरासारखी बाहेर पडतात. फुकट बघायला मिळतं. पुलाच्या बरोबर खाली उभं राहू नका, विष्ठा पडते.

उन्हात कुणाला मळमळ, गरगर, कातड्यावर काटा आला तर तिथेच थांबायचं, सावली, ओलं कापड मानेवर, खारट काहीतरी. बोलणं बरळल्यासारखं झालं तर ९११ लावा आणि जे पाणी असेल ते अंगावर ओता. त्याला चालवत खाली आणू नका.

पावसात रस्त्यावरून वाहणाऱ्या ओढ्यात गाडी घालू नका. अडथळे लावलेला रस्ता ओलांडून अडकलात तर अ‍ॅरिझोनाच्या १९९५ च्या कायद्यानुसार सुटकेचा खर्च तुमच्याकडून वसूल होऊ शकतो. फिनिक्सहून येताना, साधारण ११० मैलांच्या प्रवासात, धुळीचं वादळ समोर दिसलं तर रस्ता सोडून शक्य तितकं बाजूला या, सगळे दिवे बंद करा, हँडब्रेक ओढा आणि ब्रेकवरचा पाय काढा. दिवे चालू राहिले की मागचा चालक तोच रस्ता समजून तुमच्यावर येऊन आदळतो.

काटे, साप आणि कागदपत्रं

चोया निवडुंगाच्या गाठी नुसत्या स्पर्शानं तुटून अंगाला चिकटतात. काट्यांना उलटे दात असतात, म्हणून हातानं ओढलं की दुसऱ्या हातालाही चिकटतात. कातडी आणि गाठ यांच्यामध्ये कंगवा सरकवा आणि झटक्यानं लांब उडवा. समोर कुणी उभं नाही ना ते बघा. उरलेले काटे चिमट्यानं एकेक, सरळ बाहेर. कुत्र्याला लागलं तरी हीच रीत.

खुळखुळ्या साप मार्च ते ऑक्टोबर जास्त दिसतो, उन्हाळ्यात संध्याकाळी आणि रात्री. पाय दिसेल तिथेच ठेवा, खडकाच्या खाचेत हात घालू नका. चावला तर दागिने काढा, शांत बसवा, ९११ लावा. कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट बांधायचं नाही.

आणि शेवटी व्हिसावर असलेल्यांसाठी. टूसॉनच्या दक्षिणेला आय-१९ रस्त्यावरून परतताना, तसंच किट पीक वेधशाळेहून स्टेट रूट ८६ नं येताना, सीमा सुरक्षा दलाची चौकी लागते. अमेरिकेच्या हद्दीतच असलात तरी चौकशी होते. पासपोर्ट, आय-९४ किंवा ग्रीन कार्ड मूळ स्वरूपात गाडीत हवं, फोनमधल्या फोटोवर भागेलच असं नाही. आय-१९ वरची अंतरं किलोमीटरमध्ये लिहिलेली आहेत, वेगमर्यादा मात्र मैलांत. पाटीवरचा आकडा वाचताना ते ध्यानात ठेवा.